आईची दोन नावं आणि एक जुनी परवानगी

आई घरी पोळ्या लाटायची आणि बाबा अमेरिकेत आयसेलिनमधल्या एका हॉटेलात तंदूर सांभाळायचे. आम्ही राहायचो साड्यांच्या दुकानाखालच्या तळघरात. तिथे उंच माणसाला ताठ उभं राहता येत नसे. बाबा उंच होते, त्यामुळे घरातले बाबा मला बहुतेक बसलेलेच आठवतात. पोळ्यांची पाकिटं ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानांत पोचवायचं काम माझ्याकडे आणि माझ्याहून तीन वर्षांनी लहान भावाकडे होतं. पाकिटावर करणाऱ्याचं नाव नसायचं. नुसतं ‘घरगुती’ लिहिलेलं असायचं. ती अक्षरं बघून बघूनच मी मराठी वाचायला लागले, पुढे आईने बाकीची शिकवली.

आम्ही दोघं इथे जन्मलो, म्हणून आमच्याकडे इथले कागद होते. आईबाबांचे व्हिसे कधीच संपलेले. शाळेच्या सहलीच्या फॉर्मवर पालकांचा पत्ता लिहायचा असला तरी आई म्हणायची, “आधी विचार, कशाला हवाय त्यांना.”

मी वर्षाची असताना न्यूयॉर्कचे दोन टॉवर पडले. बाबांनी दाढी काढली आणि सायकलच्या हँडलला छोटा अमेरिकन झेंडा बांधला. हॉटेलच्या मालकाने सगळ्या कामगारांना तो वाटला होता. तरी एका सिग्नलला कुणीतरी गाडीतून कोल्ड्रिंकचा भरलेला ग्लास बाबांच्या अंगावर फेकला. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, “झेंडा भिजला.” आई ही गोष्ट हसत हसत सांगायची. मला त्या गोष्टीचं हसू कधी आलं नाही.

मी सोळा वर्षांची असताना, एका रविवारी दुपारच्या गर्दीत बाबांच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलमध्ये नाव-पत्ता विचारतात, म्हणून ते गेले नाहीत. तंदुराशेजारच्या पोत्यावर बसून राहिले. लोकांनी उचललं तेव्हा उशीर झाला होता. मृत्यूच्या दाखल्यासाठी मात्र कुणी त्यांचा व्हिसा मागितला नाही.

त्यानंतर आईचं या देशातलं असणं हा आमच्या घरातला एकच प्रश्न उरला. तिला कुणी उचलून नेलं तर काय, हा विचार घेऊन आम्ही शाळेत जायचो आणि तोच घेऊन परत यायचो. गल्लीत पोलिसांची गाडी हळू झाली की आई लाटणं थांबवायची. गाडी गेली की पुन्हा लाटायला लागायची.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी अभिमानाने लिहिते, लाजायचं काही कारण दिसत नाही. राज्याच्या विद्यापीठात राज्यशास्त्र घेतलं. ओक ट्री रोडवरच्या दुकानदार काकांना फार वाईट वाटलं. “कॉम्प्युटर नाही घेतलंस? एवढी हुशार पोरगी, यार, आणि राज्यशास्त्र?” पण मला बघायचं होतं की ज्या कागदावरून आईला घाबरावं लागतं, तो कागद कोण लिहितं.

पहिल्याच वर्षी शिकले की या देशात युद्ध पुकारायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही, इथल्या संसदेला आहे. घरी येऊन मोठ्या उत्साहाने आईला सांगितलं. ती कणीक मळत होती.

“मग गेल्या खेपेला कुणी पुकारलं?”

“तसं कुणी पुकारलं नाही. राष्ट्राध्यक्षांनी सैन्य पाठवलं.”

“म्हणजे नियम आहे, पण पाळत नाहीत.”

“आई, ते इतकं सोपं नाहीये.”

“सोपंच आहे गं. तुला फी भरून शिकावं लागलं, एवढंच.”

एकवीस वर्षांची झाल्यावर नागरिक मुलीला आईसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. मी त्या वाढदिवसाची पाच वर्षं वाट बघितली होती. वकील नको म्हटलं. पदवी हातात येत होती, घटनेवर निबंध लिहिले होते, एक फॉर्म मला भरता येणार नाही का? शनिवारी सकाळी टेबल पुसून आम्ही बसलो. मी प्रश्न वाचायची, आई उत्तर द्यायची, मी लिहायची. एके ठिकाणी विचारलं होतं, आजवर दुसरी कुठली नावं वापरली आहेत का.

“आई, तू दुसरं कुठलं नाव वापरलंस का कधी?”

“मी काय चोर आहे का नावं बदलायला?” आई म्हणाली.

मी ‘नाही’ लिहिलं. दोघींनी सह्या केल्या.

आता इथे आई या देशात कशी आली ते सांगावं लागेल. पुण्यातल्या एका कुटुंबाने तिला आपलं बाळ सांभाळायला आणलं होतं, लग्नाआधी. व्हिसा पाहुण्याचा, काम मोलकरणीचं. वर्षभराने तिची बाबांशी ओळख झाली आणि हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये लग्न लागलं. भटजी होते, अक्षता होत्या, त्या घरच्या काकूंनी साडी दिली. नगरपालिकेत लग्नाची नोंद करतात हे कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी दोघं तिकडे फिरकले नसते. बाबांनी अंगठीने ताटातल्या तांदळात आईचं नवं नाव लिहिलं. त्या दिवसापासून ती त्या नावाची झाली. आमच्या जन्मदाखल्यांवर तेच नाव, दुकानदारांच्या तोंडी तेच. पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा. तो एका डब्यात तळाशी होता आणि मुदत कधीच संपलेली. ‘सध्याचा पासपोर्ट’ असं फॉर्ममध्ये वाचून आम्ही तो बाहेरही काढला नव्हता.

आईच्या लेखी ते दुसरं नाव नव्हतंच. तांदळात नवीन लिहिलं की जुनं संपतं, आणि संपलेल्या नावाला कुणी ‘वापरलेलं’ म्हणत नाही. मला तर ते नाव माहीतही नव्हतं. तिच्या माहेरचे लोक फोनवर तिला ‘माई’ म्हणायचे.

आठ महिन्यांनी पत्र आलं. तुम्ही जिला आई म्हणता त्या नावाची बाई या देशात कधी आलीच नाही. जी आली तिचं नाव वेगळं आहे, आणि तुम्ही सहीनिशी सांगता की तिला दुसरं नाव नाही. अर्ज फेटाळला.

मी ते पत्र चार वेळा वाचलं. मग आईला विचारलं. तिने डब्याच्या तळातून जुना पासपोर्ट काढला. मग म्हणाली, “ते विचारत होते होय? अगं, ते तर लग्नाआधीचं.”

भाऊ तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होता. शाळेच्या कॅफेटेरियात सैन्यभरतीचं टेबल लागायचं. फुकटच्या कीचेन, पाण्याच्या बाटल्या, इस्त्रीचा गणवेश आणि पोरांना ‘सर’ म्हणणारा एक तरुण शिपाई. भावाला आयुष्यात कुणी ‘सर’ म्हटलं नव्हतं. त्या शिपायाने सांगितलं की सैनिकाच्या आईला सरकार संरक्षण देतं.

“तो टेबलावरचा माणूस तुला काहीही सांगेल,” मी म्हटलं.

“ताई, चिल. मी ट्रक रिपेअर करणार, गन घेऊन धावणार नाही.”

“ट्रकसुद्धा युद्धातच असतात.”

“मग तू सांग ना प्लॅन. तुझा प्लॅन तर रिजेक्ट झाला.” मग माझं तोंड बघून म्हणाला, “सॉरी. आय डिडन्ट मीन इट.”

त्याला तसं म्हणायचं नव्हतं, पण खरं तेच होतं. मी नीट फॉर्म भरला असता तर तो गेला नसता. हे माझ्या डोक्यातून आजही जात नाही. तो भरती व्हायला निघाला तेव्हा आईने त्याच्या हातावर दही घातलं. “आर्मीवाल्याच्या आईला कोण हात लावणार?” तो म्हणाला आणि हात चाटून हसला.

त्याचं म्हणणं खरं ठरलं, दोन वर्षांपुरतं. सैनिकाची आई म्हणून तिला एक पत्र मिळालं: दोन वर्षं तुम्हाला बाहेर काढणार नाही. हक्क म्हणून दिलेलं नव्हतं, सवलत म्हणून दिलेलं. देणाऱ्याची मर्जी, असं त्याच पत्रात सभ्य भाषेत लिहिलं होतं. आईने ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून देवांच्या फोटोमागे ठेवलं.

मी तोवर शाळेत नागरिकशास्त्र शिकवायला लागले होते. भावाला सीरियाच्या सीमेजवळच्या वाळवंटातल्या एका तळावर पाठवलं. कोणतं युद्ध चालू आहे, हे मला कुणी धड सांगेना. बातम्यांत तर युद्ध नव्हतंच. म्हणून मी आमच्या भागातल्या संसद सदस्याच्या ऑफिसात गेले. टाय लावलेला एक मदतनीस भेटला, माझ्याच वयाचा.

“माझा भाऊ तिथे आहे. त्याला पाठवायला संसदेने मत कधी दिलं?” मी विचारलं.

“हा खरंच फार चांगला प्रश्न आहे,” तो म्हणाला. मग कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की टॉवर पडले त्या महिन्यात संसदेने राष्ट्राध्यक्षांना सैन्य वापरायची एक परवानगी दिली होती. तीच.

“मी तेव्हा एक वर्षाची होते. भाऊ जन्मला नव्हता.”

“हो,” तो म्हणाला, “ती मागे घ्यायचा प्रयत्न बरेच जण करतायत.” त्याने मला कार्ड दिलं.

मी मोजलं. ज्याच्या हातात ती पहिल्यांदा आली तो राष्ट्राध्यक्ष गेला, दुसरा आला, तिसरा, चौथा. दोन्ही पक्षांचे. एकमेकांना शिव्या देणारी ही माणसं एका बाबतीत एकमताची होती: ही परवानगी कुणालाच परत द्यायची नव्हती. आणि संसदेला ती मागायची नव्हती, कारण मागितली की मत द्यावं लागतं, आणि मत दिलं की लोकांना तोंड दाखवावं लागतं.

फोन आला तेव्हा मी वर्गात होते. सकाळचा दुसरा तास. फळ्यावर लिहिलं होतं: युद्ध कोण पुकारतं? तळावर ड्रोन पडला होता. भाऊ जिवंत होता, चालत होता, बोलत होता. टीव्हीवर त्या दिवशी ‘किरकोळ जखमा’ असं आलं. मी तास पूर्ण केला. का केला, ते सांगता येत नाही. बहुतेक दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून.

तो घरी आला तेव्हा अंगावर एक ओरखडा नव्हता. दुकानदार काका म्हणाले, “एकदम फिट!” महिन्याभराने तो पोळ्यांची दहा पाकिटं घेऊन निघाला आणि ओक ट्री रोडवर हरवला. पाच वर्षांचा असल्यापासून ज्या रस्त्यावर तो डोळे मिटून चालला असता, त्या रस्त्यावर. दागिन्यांच्या एका दुकानाबाहेर पाकिटं छातीशी धरून उभा होता. मला बघून म्हणाला, “ताई, कुठलं दुकान म्हणाली होती आई?” त्याच्या मेंदूला स्फोटाचा हादरा बसलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. बरं होईल का, विचारलं तर म्हणाले, काहींना होतं.

मग राष्ट्राध्यक्ष बदलला. आईच्या पत्राची मुदत संपत आली होती. नूतनीकरणाचा अर्ज केला, उत्तर आलं की अशी सवलत आता देत नाही. एका राष्ट्राध्यक्षाच्या सहीने आलेलं दुसऱ्याच्या सहीने गेलं. मुलाने त्याच्यासाठी काय मोजलं, ते विचारायची जागा त्या फॉर्मवर नव्हती.

या वेळी मी वकिलाकडे गेले. फुकट सल्ला देणाऱ्या केंद्रातल्या बाई होत्या. त्यांनी सगळं वाचलं आणि ग्रीन कार्डाचा अर्ज पुन्हा करायचं ठरवलं.

“डीएनएने ती तुझी आई आहे हे सिद्ध होईल,” त्या म्हणाल्या. “पण दुसरं नाव नाही अशी सही का केली, ते नाही होणार. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत आणि लपवायचा हेतू नव्हता, हे कुणीतरी सांगायला हवं. लग्नाला हजर असलेलं कुणी आहे?” आणि मग हलक्या आवाजात, “हेही ऐकून ठेव. हल्ली मुलाखतीला गेलेली माणसं कधी कधी तिथूनच नेतात.”

गेलो तर नेतील. नाही गेलो तर केव्हातरी घरातून नेतील. आईने पोळी उलटत ऐकलं आणि म्हणाली, “जाऊ या. घरातून नेलं तर पोराला कळायचं नाही मी कुठे गेले. तो शोधत बसेल.”

लग्नाला हजर असलेलं हयात माणूस एकच होतं, आईला आणणाऱ्या काकू. त्या आता मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहत होत्या. भावाला घरी एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून त्याला घेऊन मी चार तास ड्राइव्ह करून गेले. मोठं घर, दारात रांगोळीचा स्टिकर. काकूंनी प्रेमाने चहा केला, चकल्या दिल्या. मी विषय काढला तशी त्यांनी कप खाली ठेवला.

“तू मला काय लिहून द्यायला सांगतेस, कळतंय का तुला? मोलकरीण आणली, पाहुणी म्हणून?”

“काकू, पंचवीस वर्षं झाली.”

“आता तर नागरिकत्वसुद्धा काढून घेतात म्हणे. आमचे हे रोज व्हॉट्सअ‍ॅपवर वाचतात. मुलगा डॉक्टर आहे माझा. त्याला कशात ओढू?”

“ज्या मुलाला आईने सांभाळलं, तोच ना?”

काकूंनी चकल्यांची ताटली सरळ केली. पूर्वी मला राग आला असता. पण घाबरलेली बाई कशी दिसते हे मी घरी रोज बघत होते, आणि ह्या बाईकडे सगळे कागद होते. कागद असलेली आणि नसलेली, दोघींना सारखीच भीती वाटावी, इथवर हा देश आला होता.

भाऊ म्हणाला, “काकू, बाथरूम कुठे आहे?” काकूंनी सांगितलं. तो जाऊन आला, बसला, एक चकली खाल्ली आणि म्हणाला, “काकू, बाथरूम कुठे आहे?”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “आर्मीत होता.”

त्या उठून आत गेल्या आणि अल्बम घेऊन आल्या. एका फोटोत ताट होतं, तांदूळ, आणि त्यात स्पष्ट वाचता येणारं नाव. शेजारी आईचा हात, हिरवा चुडा. वर बाबांची मान वाकलेली. तिथे तर छत उंच होतं, तरी वाकलेलीच.

“लिहून देते,” काकू म्हणाल्या. “पण ‘कामाला होती’ असं लिहिणार नाही. ‘आमच्याकडे राहायची’ एवढंच.”

आईने त्या घरात वर्षभर सकाळी सहापासून काम केलं होतं. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बँकेत नोटरीसमोर काकूंनी सही केली.

मुलाखतीला आईने नवी साडी नेसली नाही. पायात बूट घातले, अंगात दोन स्वेटर. “नेलं तर थंडी असेल,” म्हणाली. मधुमेहाच्या गोळ्या तिने महिनाभराच्या घेतल्या होत्या. भाऊ बाहेर वकीलबाईंच्या मदतनिसाबरोबर थांबला, मी आणि वकीलबाई आत. अधिकारी पन्नाशीचा होता, दुभाषा फोनवर.

“तुमचं नाव?”

आईने माहेरचं नाव सांगितलं. तिच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं. शाळेत हजेरीला देतात तसं, जरा मोठ्याने.

अधिकाऱ्याने फोटो उचलला. “हे काय आहे?”

“तांदूळ,” आई म्हणाली.

“तांदळात नाव का लिहिलंय?”

“आमच्यात लग्नात बाईचं नाव बदलतात.”

“मग हे तुम्ही फॉर्मवर का नाही लिहिलं?”

आईने फोटोतल्या तांदळाकडे बघितलं. मग म्हणाली, “बदललं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून ते मी केलं असं मला वाटलं नाही.”

दुभाष्याने ते सांगितलं. अधिकाऱ्याने काहीतरी टाइप केलं आणि आम्हाला जायला सांगितलं. दारापर्यंत जाताना मी आईचा दंड घट्ट धरला होता, इतका की तिथे वळ उठला. कुणी अडवलं नाही. त्याच खोलीबाहेर बसलेल्या एका कुटुंबातल्या माणसाला आमच्यानंतर नेलं, असं वकीलबाईंनी पुढच्या आठवड्यात सांगितलं. त्याचं काय चुकलं होतं, त्यांनाही माहीत नव्हतं. आमचं काय बरोबर होतं, तेही नाही.

त्यानंतरच्या वसंतात पुन्हा बातमी आली की आपली विमानं कुठेतरी बॉम्ब टाकून आली. संसदेला नंतर कळवण्यात आलं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “मिस, मग युद्ध कोण पुकारतं हे पान आम्ही का शिकतो?” मी म्हटलं, परीक्षेला आहे. याहून चांगलं उत्तर मला सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही. कॅफेटेरियात भरतीचं टेबल होतंच. जेवणाच्या सुट्टीत मी तिथून जाते, तेव्हा टेबलावरचा शिपाई मलाही ‘मॅम’ म्हणतो.

भाऊ आता पाकिटांवर लेबलं चिकटवतो. एकटा बाहेर जात नाही. ती जुनी परवानगी तशीच आहे, तिला कुणी हात लावलेला नाही.

आईला ग्रीन कार्ड मिळालं. दहा वर्षांचं आहे. त्यावर तिचं माहेरचं नाव आहे.